तबकडी किती वेगाने फिरवायची?

मे महिन्यात रत्नागिरीतल्या एका जुन्या घराची कौले परतायचे काम निघाले आणि माळ्यावरून दोन वस्तू खाली आल्या. एक चावीचा फोनो आणि एक पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत ऐंशी-नव्वद तबकड्या होत्या. बहुतेक जड, ठिसूळ, लाखेच्या. वरच्या थरात थोड्या प्लास्टिकच्या लाँगप्ले. घरातल्या काकूंचे आजेसासरे मुंबईत नोकरीला होते आणि फोनो त्यांनी बोटीने आणला, एवढीच माहिती घरात शिल्लक होती. आम्ही शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून काकूंनी आम्हाला बोलावून घेतले. "हे सगळं ऐकायचं आहे. नवं यंत्र कोणतं घेऊ, तेवढं सांगा," असे त्या म्हणाल्या.

प्रश्न खरेदीचा होता. पण उत्तर शोधताना आम्हाला सव्वाशे वर्षे मागे जावे लागले, कारण तबकडीवर आवाज असतो, गाणाऱ्याचे नाव असते, कंपनीचे चित्र असते; ती किती वेगाने फिरवायची हे मात्र जुन्या तबकडीवर पुष्कळदा नसते.

एडिसनचे पहिले ध्वनिलेखन १८७७ सालचे, तेही दंडगोलावर. सपाट तबकडीची कल्पना एमिल बर्लिनर याची. तिचे पेटंट त्याने १८८७ मध्ये मागितले. तबकडीचा मोठा फायदा असा की साचा एकदा तयार झाला की हव्या तितक्या प्रती दाबून काढता येतात. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायस्बर्ग हा तंत्रज्ञ ग्रामोफोन कंपनीसाठी कलकत्त्यात आला आणि गौहरजानसह अनेक कलावंतांचे आवाज त्याने घेतले. मराठी रंगभूमीचे गायकनट भाऊराव कोल्हटकर फेब्रुवारी १९०१ मध्ये वारले. पावणेदोन वर्षांच्या फरकाने त्यांचा आवाज हुकला तो कायमचा. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, अब्दुल करीम खाँ यांचे आवाज मात्र खोबणीत उतरले, आणि त्यातले कितीतरी अशाच ट्रंकांमधून कोकणभर पडून आहेत.

त्या काळच्या तबकडीचा कच्चा माल आपल्याकडचाच होता. पळस, कुसुम, बोर या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांची लाख, तीत दगडाची बारीक पूड आणि काजळी. ही लाख छोटा नागपूरकडून जर्मनीत जाई, हॅनोव्हरच्या कारखान्यात तिच्या तबकड्या होत आणि आपलीच गाणी घेऊन त्या बोटीने परत येत. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदा येथे कारखाना निघाला तेव्हा हा उलटा प्रवास थांबला. सुतार चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला पॉलिश करतात, ती हीच लाख. म्हणून लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये. ती पुसली न जाता विरघळेल. (काकूंच्या घरी कोणीतरी हा प्रयोग आधीच केलेला दिसला. एका तबकडीच्या मधोमध बोटभर रुंद गुळगुळीत पट्टा होता.)

आता वेगाकडे येऊ. काकूंचा फोनो उघडला तेव्हा आत एक रुंद पोलादी स्प्रिंग आणि तिच्याशेजारी तीन लहान शिशाचे गोळे दिसले. गोळे पातळ पट्ट्यांवर बसवलेले. आस फिरू लागला की गोळे बाहेर फेकले जातात, पट्ट्या वाकतात, आसावरची एक चकती सरकते आणि चामड्याच्या तुकड्याला घासून वेग आवरते. जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनावर बसवलेला गव्हर्नर तो हाच, फक्त मुठीत मावणारा. केंद्रोत्सारी बल शिकवताना जत्रेतल्या पाळण्याचे उदाहरण आपण नेहमीच देतो. जुना फोनो मिळाला तर तो वर्गात उघडून दाखवावा, मुले लवकर विसरणार नाहीत.

हा गव्हर्नर वेग स्थिर ठेवतो. पण कोणता वेग? तो बाहेरच्या स्क्रूने ठरवायचा. ध्वनिमुद्रण करणाऱ्या यंत्रातही असाच स्क्रू होता, आणि सुरुवातीच्या काळात मिनिटाला सत्तरपासून ऐंशीच्या वरपर्यंत कोणताही वेग वापरला जाई. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आणि विजेवरचे ध्वनिमुद्रण आले, त्यानंतर ७८ हा आकडा रुळला. तो तरी कुठून आला? अमेरिकेत विजेची वारंवारता ६० हर्ट्झ. तिच्यावर चालणारी मोटर मिनिटाला ३६०० फेरे घेते; ४६ दात्यांच्या चाकाने तो वेग उतरवला की ७८.२६ फेरे मिळतात. ५० हर्ट्झच्या देशांत हाच हिशेब ७७.९२ वर येतो. म्हणजे 'अठ्ठ्याहत्तर' हा नेमका अठ्ठ्याहत्तर कुठेच नव्हता.

एवढ्या फरकाने काय बिघडते, असे वाटेल. पेटीवर एका पट्टीवरून लगतच्या पट्टीवर गेलो की वारंवारता सुमारे सहा टक्क्यांनी वाढते; बारा पट्ट्यांत ती दुप्पट होते, हे शिक्षकांना सांगायला नकोच. ७८ ची तबकडी ७३.६ ने फिरवली तर गाणे बरोबर एक पट्टी उतरते, आणि लयही तितकीच मंदावते. आपल्या संगीतशास्त्रातली प्रमाणश्रुती ८१ भागिले ८० एवढी, म्हणजे सव्वा टक्का. वेगात सव्वा टक्क्याची चूक झाली की सगळे गाणे एका श्रुतीने हलले. स्वरांमधली परस्पर अंतरे तशीच राहतात, त्यामुळे बेसूर काही वाटत नाही, आणि म्हणूनच चूक कळत नाही. गायकाचा आवाज थोडा जाड किंवा थोडा बालिश वाटतो, आणि आपण म्हणतो, जुने ध्वनिमुद्रण आहे, चालायचेच.

लाँगप्ले १९४८ मध्ये आली, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची, आणि लाखेच्या जागी व्हिनाइल आले. आपल्याकडे लाखेच्या तबकड्या त्यानंतरही १९७० च्या सुमारापर्यंत निघत होत्या. विजेविना चालणारा फोनो खेड्यांतून तोवर टिकून होता. विजेच्या यंत्रांत वेग तपासण्यासाठी तबकडीखालच्या थाळीच्या काठावर ठिपके असतात. ५० हर्ट्झच्या विजेवर साधा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, मिनिटाला ६००० वेळा. थाळीवर १८० ठिपके असले तर ३३⅓ फेऱ्यांना दर लुकलुकीत एक ठिपका पुढच्याच्या जागी येतो आणि ठिपके थबकल्यासारखे दिसतात. ७८ साठी ७७ ठिपके लागतात, आणि ७७.९२ चे गूढ येथेच उकलते: ठिपका अपूर्णांकात काढता येत नाही.

या युक्तीत एक गंमत आहे. मोटर चालते त्याच विजेवर, दिवाही त्याच विजेवर. विजेची वारंवारता ४८.५ वर उतरली, आणि २००० पूर्वी आपल्याकडे ती बरीच खालीवर होत असे, तर मोटर तीन टक्के मंदावते, दिव्याचे लुकलुकणेही तीन टक्के मंदावते, आणि ठिपके मात्र स्थिरच दिसतात. आरोपी आणि साक्षीदार एकाच घरचे! शिवाय चांगल्या प्रतीचा एलईडी दिवा असा लुकलुकतच नाही. म्हणून आम्ही सोपा मार्ग पत्करला. लाँगप्लेच्या लेबलावर कागदाची चिठ्ठी लावायची, घड्याळ सुरू करायचे आणि फेरे मोजायचे. तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे झाले पाहिजेत. १८० सेकंदांत हात दोन दशांश सेकंद चुकला तरी चूक हजारात एकाएवढी. सातवीच्या मुलांनी हे मजेत केले.

वेग सांगायचा म्हणजे घड्याळ सांगावे लागते, हा मुद्दा १९७७ मध्ये फार वेगळ्या जागी उभा राहिला. व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या बसवल्या गेल्या, सोबत सुई आणि पिकअपही. त्यांवर भारतातून निवडलेला आवाज होता गोव्यातल्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांचा, भैरवीतल्या 'जात कहाँ हो' चा. ही तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्यांनी, म्हणजे ३.६ सेकंदांना एक फेरा अशी फिरवायची आहे. पण ज्याला आपले सेकंद ठाऊक नाहीत त्याला हे सांगायचे कसे? वेष्टनावर फेऱ्याचा काळ हायड्रोजन अणूच्या एका ठरावीक संक्रमणाच्या कालावधीत कोरला आहे. हा कालावधी सुमारे ०.७ अब्जांश सेकंद. हायड्रोजन सगळीकडे सारखाच. दुसरे व्हॉयेजर ५ सप्टेंबरला सुटले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्यांचा षड्ज कोणी ऐकलाच, तर तो त्यांच्याच पट्टीत ऐकू येण्याची सोय झालेली आहे. काकूंच्या ट्रंकेतल्या तबकड्यांची तशी सोय कोणी केलेली नव्हती.

सुईची कथा वेगळी आणि अधिक तातडीची. चावीच्या फोनोचा ध्वनिपेटीसकटचा भार शंभर ग्रॅमच्या वर असतो. पोलादी सुई मुद्दाम मऊ केलेली. लाखेतली दगडाची पूड तिला घासून खोबणीच्या आकाराची करते, म्हणून दर बाजूला नवी सुई घालायची असे. घरोघर ही काटकसर झाली आणि एकच सुई महिनाभर चालली. झिजून धारदार झालेली सुई मग खोबणीच खरवडते. लाँगप्लेला तर या फोनोजवळही नेऊ नये, एका वाजवण्यात ती संपते. उलट लाँगप्लेच्या सुईचे टोक सुमारे १८ मायक्रॉन त्रिज्येचे. ७८ च्या रुंद खोबणीत ते तळाशी धुळीत आपटत राहते, आणि ऐकू येतो तो बहुतेक तळचा कचरा. ७८ ला सुमारे ६५ ते ७५ मायक्रॉनचे टोक हवे. जुन्या रेकॉर्ड प्लेअरमध्ये एकाच दांडीला दोन सुया असत आणि छोटा खटका फिरवून त्या उलटसुलट करता येत. आमच्या लहानपणी तो खटका कोणत्या बाजूला आहे हे पाहण्याचे भान कोणाला नव्हते, हे कबूल करतो.

आता काकूंचे उत्तर. सुटकेसच्या आकाराची देखणी, स्वस्त यंत्रे मिळतात, पण त्यांची सुई बहुधा पाच-सहा ग्रॅमने दाबते आणि भार बदलता येत नाही. चांगल्या यंत्रात तो दीड-दोन ग्रॅम असतो. सुईचे टोक इतके बारीक की तेवढ्या भाराचाही दाब चौरस सेंटिमीटरला टनाच्या घरात जातो. तेव्हा भार कमीजास्त करता येईल, पिकअप आणि सुई बदलता येईल, ७८ चा वेग असेल आणि तो थोडा इकडेतिकडे सरकवता येईल, असे यंत्र घ्या, असे आम्ही सांगितले. मोटर पट्ट्याने थाळी फिरवते की थाळी थेट मोटरवरच बसवली आहे, यावर शौकीन तासन् तास भांडतात. थेट चालीचे तंत्र जपानमध्ये १९७० च्या सुमारास बाजारात आले आणि वेग सरकवण्याची सोय त्यात बहुधा चांगली असते. पण पट्ट्याचे यंत्रही काही वाईट नाही. फक्त रबरी पट्टा सैल पडला की वेग ढळतो, म्हणून दर काही वर्षांनी तो बदलावा.

आणि पैसे शिल्लक असतील तर? बहुतेक लोक आधी स्पीकर बदलतात. आमच्या मते आधी सुई, ७८ साठी वेगळी सुई, मग बैठक. काकूंच्या घरात तक्तपोशीवर कोणी चालले की सुई उडे. जांभ्याच्या जाड भिंतीत एक कोनाडा होता, त्यात यंत्र पाणसळ लावून बसवले आणि उडणे थांबले. यासाठी एक पैसाही लागला नाही. पावसाळ्यात कागदी पाकिटे ओल धरतात आणि बुरशी तबकडीवर येते; म्हणून नवी पाकिटे घातली, तबकड्या उभ्या ठेवल्या. लाखेच्या तबकड्या पुसायला पाण्याने ओलसर केलेले मऊ फडके, लेबल सांभाळून.

शेवटी एक तबकडी राहिली. लेबल कसरीने खाल्लेले, नाव नाही, साल नाही. नाट्यपद, बाईचा की स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषाचा आवाज यावर एकमत होईना, साथीला ऑर्गन. ७८ ने लावली तर षड्ज पांढरी पाच आणि काळी चार यांच्या बरोबर मधे आला. ऑर्गनला मधली पट्टी नसते. म्हणजे एक तर ती ८०.३ ने घेतलेली असावी आणि खरी पट्टी काळी चार, किंवा ७५.८ ने आणि खरी पट्टी पांढरी पाच. दोन्ही वेग त्या काळात सर्रास होते. तिसरी शक्यताही आहे: ऑर्गनच आजच्या मापाने लावलेला नसेल, आणि ७८ च बरोबर असेल. मुलांनी तीनही वेगांनी ऐकून मते दिली. काळी चारला जास्त मते पडली, पण ८०.३ ला ताना जरा घाईच्या वाटतात, असे काकूंचे म्हणणे. नव्या पाकिटावर एका मुलीने पेन्सिलीने तिन्ही आकडे लिहून ठेवले आहेत.