एमएच-१३ ची पंधरा वर्षं आणि सायलेन्सरमधली जाळी

मंडळी, 2010 साली आपलं सोलापूर एका यादीत मुंबई, पुणे, दिल्लीच्या पंगतीला जाऊन बसलं होतं, हे किती जणांना आठवतंय? यादी फार मिरवण्यासारखी नव्हती. त्या वर्षी भारत स्टेज-4 हे कडक मानक देशभरात नाही, तर मोजक्या तेरा शहरांत सुरू झालं आणि त्यात सोलापूर होतं. कारण उघड आहे, इथली हवा. प्रदूषित शहरांची नावं निघाली की आपलं नाव असतंच. चादर आणि शेंगाचटणीनंतर तिसरी ओळख म्हणायची.

तेव्हा शहरात नोंदलेल्या त्या पहिल्या गाड्यांना आता पंधरा वर्षं झाली. म्हणजे फेरनोंदणी आली, पीयूसी आली. आणि वळसंगच्या नाक्यावर सध्या सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य असं, "कन्व्हर्टर गेलाय, काढून टाकू का?"

थांबा. काढण्याआधी हा डबा आला कुठून ते बघा.

इंजिन आणि सायलेन्सरच्या मधल्या या डब्यात मातीची, म्हणजे सिरॅमिकची, मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. विषारी धूर त्यातून जाताना कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि न जळलेलं पेट्रोल जळून जातं. युजीन हूड्री नावाच्या फ्रेंच माणसाने अमेरिकेत 1950 च्या दशकातच हे गाडीसाठी करून दाखवलं होतं. पण पेट्रोलमध्ये शिसं होतं आणि शिशाचा थर बसला की जाळी कायमची मेली. म्हणून तिकडेही 1975 च्या मॉडेलपर्यंत वाट बघावी लागली.

आपल्याकडे 1 एप्रिल 1995 पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईत नव्या पेट्रोल कारला कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसेविरहित पेट्रोल मात्र सुरुवातीला ठरावीक पंपांवरच मिळायचं. गाडी बाहेरगावी गेली आणि शिशाचं पेट्रोल टाकलं की थोड्याच टाक्यांत जाळीचा निकाल. देशभर शिसं बंद व्हायला फेब्रुवारी 2000 उजाडलं.

2010 ला तोच खेळ पुन्हा, फक्त या वेळी गंधकाचा. स्टेज-4 पेट्रोलमध्ये गंधक 50 पीपीएम, स्टेज-3 मध्ये 150. मानक शहरापुरतं, गाडी मात्र अक्कलकोटला जाणार, वळसंगला येणार. गाडी एका नियमाची, पेट्रोल दुसऱ्या. 2017 च्या एप्रिलपर्यंत हे असंच चाललं. सुदैव एवढंच की गंधक शिशासारखं जीव घेत नाही, जाळीला सुस्त करतं, आणि लांब पल्ल्यावर गाडी तापली की बरंचसं जळून जातं.

आता माझ्याच गाडीची गोष्ट. 2010 ची पेट्रोल, सेकंड हँड घेतलेली. पीयूसीला नापास. या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.3 टक्के, माझी त्याच्या कितीतरी वर. एका गॅरेजवाल्याने गाडीखाली वाकूनही न बघता सांगितलं, डबा काढतो, सरळ पाइप टाकतो, पिकअप वाढेल, वर जुन्या डब्याचे पैसे देतो. देणारच की. त्यात प्लॅटिनम आहे! आपण भंगार समजतो, ते समजत नाहीत.

दुसऱ्या मिस्त्रीने मात्र रीतसर काम केलं. थंड डब्यावर तळहात मारला. आत खुळखुळा वाजला तर जाळी फुटलेली, तसं नव्हतं. मग पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावला. अडीच हजार आरपीएमला तीन पीएसआयच्या वर काटा गेला तर जाळी तुंबली समजायची. अशी गाडी चढाला दम सोडते. काटा खालीच राहिला. शेवटी प्लग काढले. एका सिलिंडरचा प्लग काळा आणि ओला, कॉइल गेलेली. तिथलं पेट्रोल न जळता थेट डब्यात जात होतं. असंच महिनोन्‌महिने चाललं असतं तर ते आत पेटून जाळी वितळली असती. म्हणजे डबा आजारी नव्हता, त्याला आजारी पाडलं जात होतं. इंजिन ऑइल खात असेल तरी हेच. नवा कन्व्हर्टर टाकाल आणि तोही वर्षा-दोन वर्षांत जाईल.

स्कॅनरवर पी-0420 कोड आला की लोक लगेच डबा बदलतात. तो कोड पुढच्या-मागच्या सेन्सरची तुलना करून येतो. मधे पाइपला चीर असली तरी तो फसू शकतो. आणि 2013 च्या आधीच्या आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या ही तुलना करतच नाहीत, त्यामुळे दिवा लागला नाही म्हणून डबा ठणठणीत, असंही नाही. सडक्या अंड्याचा वास सतत येत राहिला तर मात्र पेट्रोल जास्त जातंय का ते तपासाच.

आणखी एक. जाळी अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे तापल्याशिवाय काम करत नाही. घरातून काढून थेट कोपऱ्यावरच्या पीयूसी केंद्रात उभी केलेली थंड गाडी चांगली असूनही नापास होते. मी कॉइल आणि प्लग बदलले, वळसंगहून सोलापूरपर्यंत चालवत नेली आणि गरम गाडीची नळी लावायला सांगितली. आकडा 0.2 आला. डबा तोच, 2010 चा.

तुमच्या गाडीला काय सांगितलं गेलंय ते कमेंटमध्ये लिहा. गॅरेजचं नाव नको, गाडीचं वर्ष आणि लक्षणं तेवढी लिहा.