लाल गाजर, केशरी गाजर: दोघांची घराणी वेगळी कशी?

हिवाळ्यात हलव्यासाठी आणलं जाणारं लांब, लाल गाजर आणि वर्षभर दिसणारं आखूड केशरी गाजर ही एकाच प्रजातीची दोन रूपं आहेत. डॉकस कॅरोटा हे तिचं शास्त्रीय नाव. कोथिंबीर, जिरं, ओवा हे गाजराचे भाऊबंद.

घराणी दोन

रानगाजराचं मूळ पांढरट, बारीक आणि चिवट असतं. सुमारे हजार वर्षांपूर्वी मध्य आशियात, आजच्या अफगाणिस्तान-इराणच्या परिसरात, जांभळी आणि पिवळी गाजरं पिकवली जात होती. भारतातली लाल, काळी गाजरं याच आशियाई गटातली. केशरी गाजर मात्र 16व्या-17व्या शतकांत युरोपात रुळलं. डच राजघराण्याच्या सन्मानासाठी ते केशरी केलं गेलं, ही सोशल मीडियावरची लोकप्रिय गोष्ट. तिला ठोस पुरावा नाही.

रंग कशामुळे?

- केशरी: बीटा कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं
- लाल: लायकोपीन, टोमॅटोत असतं तेच
- जांभळा, काळा: अँथोसायनिन
- पिवळा: ल्युटीन

युरोपीय गाजरांची वर्गवारी मुख्यतः आकारावरून होते. नांतेस बोथट टोकाचं, शाँतने आखूड आणि वर रुंद, तर इम्परेटर लांब व निमुळतं.

फरक फक्त रंगाचा नाही

युरोपीय गाजराला फुलायला दीर्घकाळ थंडी लागते, म्हणून भारतात त्याचं बी डोंगराळ भागात तयार करतात. आशियाई गाजर उष्णता जास्त सोसतं आणि मैदानी प्रदेशातही बी धरतं. दोन्हींच्या संकरातून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं ‘पुसा मेघाली’ हे वाण काढलं: गर केशरी, पण बी मैदानात धरणारं. याच संस्थेचं ‘पुसा रुधिरा’ लाल आहे, तर ‘पुसा आसिता’ काळं.

विविधता का जपायची?

2016 मध्ये गाजराचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 32 हजार जनुकं आढळली. उष्णता, रोग, पाण्याची टंचाई यांना तोंड देणारं नवं वाण हवं असेल, तर त्यासाठीचे गुण जुन्या देशी वाणांत आणि रानगाजरात शोधावे लागतात. बाजाराला एकसारखं गाजर हवं असतं, त्यामुळे संकरित बियाणं वाढतं आणि घरचं बी राखणं मागे पडतं. एखादं देशी वाण शेतातून गेलं आणि त्याचं बी कुठेच जपलेलं नसेल, तर त्याच्यातले गुणही कायमचे जातात.