हार्ट अ‍ॅटॅकनंतर हृदयाची जखम कशी भरते?

हाताला कापले तर नवी त्वचा येते; हृदयाच्या स्नायूचे तसे होत नाही. अ‍ॅटॅकमध्ये मेलेल्या स्नायूच्या जागी साधारण ६ ते ८ आठवड्यांत घट्ट व्रण तयार होतो. तो हृदयाची भिंत सांधून धरतो, पण आकुंचन पावत नाही. नव्या स्नायुपेशी तयार होतात, पण तरुणपणीही वर्षाला जेमतेम १ टक्का.

मग पुढच्या टू-डी इकोत पंपिंग सुधारलेले कसे दिसते? काही स्नायू मेलेला नसतो, फक्त बधिर झालेला असतो. रक्तपुरवठा सुरू झाल्यावर तो काही आठवड्यांत पुन्हा काम करू लागतो. हाच स्नायू तुम्हाला जपायचा आहे. म्हणून बरे वाटले तरी गोळ्या स्वतःहून बंद करू नका. छातीत पुन्हा दुखले तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.