पूर्व आशियात पाळणे का हलत नाहीत?

जपानी पंचांगात दर साठ वर्षांनी ‘हिनोए-उमा’ म्हणजे अग्नि-अश्वाचे वर्ष येते. त्या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते व पतीच्या जिवावर उठते, अशी तेथील जुनी समजूत. मंगळ असलेल्या मुलीचे स्थळ नाकारणाऱ्या आपल्या घरांना ती परकी वाटू नये. १९६५ साली जपानात १८ लाखांवर मुले जन्मली. १९६६ या अग्नि-अश्वाच्या वर्षी आकडा साडेतेरा लाखांच्या आसपास आला आणि १९६७ साली पुन्हा १९ लाखांपलीकडे गेला. १९६६ चा जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे होणाऱ्या अपत्यांची सरासरी, १.५८ होता. १९८९ साली तो १.५७ झाला. तेही कोणतेच अशुभ वर्ष नसताना! राज्यकर्त्यांना धक्का बसला तो यामुळे.

लोकसंख्या स्थिर राहण्यास हा दर साधारण २.१ लागतो. २०२४ साली जपानचा दर १.१५ होता, दक्षिण कोरियाचा ०.७५.

याचे खापर सरकारी मोहिमांवर फोडले जाते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. कोरियाने १९६२ साली कुटुंबनियोजन हाती घेतले तेव्हा स्त्रीमागे सुमारे सहा मुले होती. दोन दशकांत ती दोनवर आली. सत्तरच्या दशकात तेथे नसबंदी केलेल्यांना सरकारी घरांच्या वाटपात अग्रक्रम मिळे. लाल त्रिकोणाच्या आणि ‘उद्दिष्टां’च्या काळात शासकीय सेवा केलेल्या आम्हांस ही रीत चांगलीच परिचित आहे. परंतु सिंगापूरचे उदाहरण पाहावे. तेथील शासनाने १९७२ पासून ‘दोनवर थांबा’ असे सांगितले, ते लोकांनी ऐकले. १९८७ साली ‘परवडत असल्यास तीन किंवा अधिक’ असे सांगितले, ते ऐकले नाही.

आमच्या मते मूळ कारण विवाहसंस्थेत आहे. फ्रान्समध्ये निम्म्याहून अधिक मुले विवाहाबाहेर जन्मतात. जपानात शेकडा दोनच्या आसपास. म्हणजे लग्न नाही तर मूलही नाही. याउलट, ज्यांचे लग्न होऊन पंधरा-वीस वर्षे लोटली अशा जपानी जोडप्यांना २०२१ च्या पाहणीत सरासरी १.९ मुले आढळली. संसार मांडणाऱ्यांचे घर रिकामे नाही. संसार मांडणारेच कमी झाले. मुली पदवीधर झाल्या, पगार मिळवू लागल्या. सासरच्या अपेक्षा मात्र जुन्याच राहिल्या. नवरा रात्री उशिरापर्यंत कचेरीत. स्वयंपाक, मूल आणि म्हातारी माणसे सुनेकडे. पहिल्या बाळंतपणाबरोबर नोकरी सोडण्याची तर जपानात दीर्घकाळ प्रथाच होती. कोरियात त्यावर खासगी शिकवण्यांचा खर्च. अशा व्यवहाराला शिकलेली मुलगी नकार देते, यात आम्हांस तिचा दोष दिसत नाही.

२०२३ साली कोरियाचा दर ०.७२ पर्यंत खाली गेला होता. पुढच्या वर्षी तो किंचित चढला, आणि त्याच्या आधीपासून तेथे लग्नांची संख्या वाढू लागली होती.