झाड कोणाचे? परवानगी कोणाची?

पर्यावरण दिनाच्या फलकांवर दरवर्षी एक मजकूर झळकतो. शिवाजी महाराजांनी आंबा-फणसाची झाडे तोडण्यास बंदी केली होती, असा. मजकुराचा उगम आज्ञापत्रात आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी हा ग्रंथ अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कोल्हापूरकर संभाजीराजांच्या नावे सिद्ध केला. पंतांनी थोरल्या महाराजांची कारकीर्द जवळून पाहिलेली, त्यामुळे ते धोरण महाराजांचेच असण्यास हरकत नाही. पण ज्या शब्दांत ते आपल्यापर्यंत आले ते शब्द अमात्यांचे, एवढे नोंदवून पुढे जातो.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. हा उतारा जंगलरक्षणाच्या प्रकरणात येत नाही, तो आरमाराच्या प्रकरणात येतो. गलबते बांधायची म्हणजे मोठे सोट, डोलकाठ्या हव्यात. त्या कुठून आणायच्या, हा तिथला प्रश्न. उत्तर असे की स्वराज्यातल्या अरण्यातले सागवान हुजूरच्या परवानगीने तोडावे, कमी पडेल ते परमुलखातून खरेदी करावे. आंबा आणि फणस आरमाराच्या कामाचे खरे, पण त्यांना हात लावू नये. रयतेने ती झाडे वर्षानुवर्षे लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. जबरदस्ती अजिबात नको.

म्हणजे बंदी कोणावर आहे? रयतेवर नाही; सरकारी कामगारांवर, कारखानिसांवर आहे. झाड धन्याचे, आणि परवानगी मागायची ती सरकारने. फलक रंगवणारे नेमके हेच उलटे वाचतात.

कंपनी सरकारच्या अमलात ही दिशा फिरली, पण एकदम नाही. 1824 साली दक्षिण कोकणचा कलेक्टर डनलॉप याने जाहीरनामा काढून लोकांच्या जमिनीतल्या झाडांवरचा सरकारी हक्क सोडला. पुढे वनखात्याला ही उदारता चांगलीच बोचली. रत्नागिरी जिल्ह्यात आजही सरकारी जंगल नगण्य आणि खासगी डोंगर अफाट, याची मुळे शोधू गेल्यास हा जाहीरनामा टाळता येत नाही.

ठाणे-कुलाब्यात चित्र निराळे. तिथे भातखाचरांना जोडून वरकस जमीन असे. वरकशीतल्या झाडांच्या फांद्या खांडून, त्या पसरून जाळायच्या आणि त्या भाजणीवर भाताचे रोप टाकायचे. यालाच राब म्हणतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने वरकशीतले झाड हा भातशेतीचाच अवयव. वनखात्याच्या दृष्टीने ती नासाडी. साग-शिसव सरकारी, फांद्या तोडल्या तर गुन्हा, अशी ओढाताण इतकी वाढली की 1885 साली मुंबई सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. 1887 साली त्याचा अहवाल आला. गावोगावचे शेतकरी काय सोसत होते, त्यावर अधिकाऱ्यांची उत्तरे काय, हे ज्याला पाहायचे असेल त्याने कादंबऱ्या बाजूला ठेवून असले अहवाल वाचावेत.

स्वातंत्र्यानंतर 1964 साली महाराष्ट्राचा झाडे तोडण्याचे विनियमन करणारा कायदा आला. त्याच्या अनुसूचीत सोळा झाडे: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि कांदळवन. यांपैकी कोणतेही झाड स्वतःच्या जमिनीतले असले तरी परवानगीवाचून तोडता येत नाही. 1966च्या जमीन महसूल संहितेचे 25वे कलम सांगते की धारण जमिनीतल्या झाडांवरचा हक्क धारकाचा. हक्क एका कायद्याने दिला आणि त्याचा वापर दुसऱ्याने अडवला, अशी ही जोडी. आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीसाठी 1969 साली आणखी एक स्वतंत्र कायदा झाला. व्यापारी त्यांचे सागवान कवडीमोलाने उचलत, तेव्हा तो लागणारच होता.

कायद्याचा हेतू वाईट नाही, हे मी मुद्दाम लिहितो. कोळशासाठी आणि कातासाठी कोकणचे डोंगर कसे बोडके झाले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. प्रश्न छोट्या मालकाचा आहे. कोकणात सातबारा सामाईक. एका डोंगरतुकड्यावर वीस-पंचवीस नावे, निम्मी मुंबईत, काही कैलासवासी. सगळ्यांच्या संमती, मोजणी, पंचनामा, परवाना, हातोड्याचा शिक्का, वाहतुकीचा पास हे सारे चार झाडांसाठी कोण करणार? मग ठेकेदार येतो. तो उभी झाडे उक्ती घेतो आणि कागद तोच करतो. चाळीस झाडांचा परवाना आणि चारांचा परवाना यांना कागद सारखेच लागतात, म्हणून त्याला चाळीसच हवी असतात. निवडून एखाददुसरे झाड काढण्याची जुनी रीत मोडली आणि सरसकट तोड आली, ती बरीचशी या हिशेबाने. झाड वाचवण्याच्या कायद्याने आमच्याकडे तरी मोठ्या तोडणाऱ्याचेच फावले, असे माझे मत आहे.

सवलत दिली की काय होते, याचा एक ताजा दाखला बांबूचा. 1927च्या भारतीय वन कायद्यात बांबू ‘झाड’ होता. 2017 साली व्याख्येतून तो वगळला गेला आणि वनाबाहेर लावलेल्या बांबूला त्या कायद्याची कात्री राहिली नाही. सिंधुदुर्गात लोक आता बांधावर माणगा हौसेने लावतात.

आमच्या वरकशीत ऐन आणि किंजळ आपसूक उगवतात. मे महिन्यात साफसफाई करताना गडी विचारतो, “हे ठेवू का काढू?” बोटाएवढे रोप असते तेव्हाच ते काढून टाकणारे शेजारी मला माहीत आहेत. मोठे झाले की ते अनुसूचीतले, एवढे त्यांना पक्के ठाऊक असते.