नाव एल्कहॉर्न, पण रानात एल्क नाही

१८८४ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या एका पंचवीस वर्षांच्या तरुणाने डाकोटा प्रांतात, लिट्ल मिझुरी नदीच्या काठी, आपल्या नव्या रँचसाठी जागा निवडली. तिथे त्याला दोन एल्क नरांची शिंगे एकमेकांत गुंतलेली आढळली. झुंजीत अडकलेली शिंगे सुटली नव्हती आणि दोघांचाही अंत तसाच झाला होता. त्यावरून रँचचे नाव पडले ‘एल्कहॉर्न’. तरुणाचे नाव थिओडोर रूझवेल्ट. जिवंत एल्कची शिकार करायची तर मात्र त्याला तिथून शेकडो मैल दूर जावे लागणार होते.

एल्क हे हरणाच्या कुळातले भव्य जनावर. नराचे वजन तीनशे किलोंच्या पुढे जाते, शिंगे दरवर्षी गळून नव्याने येतात. आपल्या काश्मीरचा हंगुल हा त्याचा जवळचा आप्त. युरोपात ‘एल्क’ म्हणतात ते वेगळ्याच प्राण्याला, म्हणजे मूसला. इंग्रज वसाहतकऱ्यांनी ते नाव अमेरिकेत भलत्यालाच चिकटवले. शॉनी लोकांचा ‘वापिती’ हा शब्द त्याहून नेमका आहे: पांढऱ्या पुठ्ठ्याचा.

रूझवेल्टच्या या मोहिमेमागे केवळ हौस नव्हती. त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला, एकाच घरात, काही तासांच्या अंतराने त्याची आई आणि पत्नी वारल्या होत्या. मुलगी दोन दिवसांची होती. तिला बहिणीच्या हवाली करून तो पश्चिमेला निघून आला होता.

ठिकाण ठरले बिगहॉर्न पर्वत, आजच्या वायोमिंग राज्यात. न्यूयॉर्कच्या माणसाला असा बेत आखता यावा, हीच त्या काळातली नवलाई होती. नॉर्दर्न पॅसिफिकचा लोहमार्ग आदल्याच वर्षी पूर्ण झाला होता. त्याआधीची गोष्ट अधिक कठोर आहे. याच पर्वतात उगम पावणाऱ्या लिट्ल बिगहॉर्न नदीच्या काठी १८७६ मध्ये लाकोटा व शायेन योद्ध्यांनी कस्टरच्या तुकडीचा नि:पात केला होता. पण पुढच्या काही वर्षांत त्यांनाच राखीव क्षेत्रांत कोंडण्यात आले. शिकाऱ्यांना ‘मोकळे’ वाटणारे रान असे मोकळे केले गेले होते.

ऑगस्टच्या मध्यानंतर ते निघाले. सोबत रँचवरचा मेरिफील्ड, एक गाडीवान, कापडी छताची घोडागाडी, जादा घोडे आणि विंचेस्टर रायफली. वेळ अचूक साधली होती. सप्टेंबर हा एल्कच्या माजाचा महिना. तेव्हा नर शीळ घातल्यासारखी लांबलचक साद देतात आणि दाट झाडीतही त्यांचा ठावठिकाणा लागतो. पर्वताच्या पायथ्याशी गाडी सोडून सामान घोड्यांच्या पाठीवर लादले गेले. जंगलात रूझवेल्टने बूट काढून मऊ चामड्याचे मोकासिन घातले, कारण वाळक्या काटकीचा एक आवाज सगळा दिवस वाया घालवायला पुरेसा असतो.

एल्क मिळाले, अस्वलही मिळाले. रोजनिशीत तो रोजच्या शिकारीचा हिशेब मांडत होता. दु:ख विसरू पाहणाऱ्या माणसाची ती यादी आज वाचणाऱ्याला अस्वस्थ करते. पण १८८५ मध्ये या अनुभवांवर लिहिलेल्या पुस्तकात त्याने जे नोंदवले ते अधिक महत्त्वाचे: मैदानांतून एल्क झपाट्याने नाहीसा होत आहे. आदल्या वर्षी एका गव्यासाठी त्याने कित्येक दिवस वणवण केली होती, त्यामुळे या वाक्याचा अर्थ त्याला ठाऊक होता.

एल्कला बाजारानेही गाठले. त्याच्या वरच्या जबड्यात हस्तिदंतासारखे दोन दात असतात. क्रो स्त्रियांच्या पोशाखांवर ते पिढ्यान्‌पिढ्या मानाने शिवले जात. पुढे ‘एल्क्स’ नावाच्या बंधुसंघाच्या सदस्यांत घड्याळाच्या साखळीला असा दात लावण्याची रीत पडली. तेव्हा केवळ दोन दातांसाठी जनावर मारून बाकीचे धड कुजायला टाकणारे निघाले.

त्या पुस्तकाचे परीक्षण ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’चा संपादक जॉर्ज बर्ड ग्रिनेल याने लिहिले. लेखकाचा अनुभव तोकडा आहे, असे त्यात सूचित होते. रूझवेल्ट तडक त्याच्या कचेरीत गेला. भांडण अपेक्षित होते, जमली मैत्री. १८८७ मध्ये दोघांच्या पुढाकाराने ‘बून अँड क्रॉकेट क्लब’ उभा राहिला. शिकाऱ्यांचाच हा क्लब शिकारीला मर्यादा घालण्यासाठी झटू लागला. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान १८७२ चे, पण तिथे चोरटी शिकार करणाऱ्याला खरी शिक्षा देणारा कायदा १८९४ मध्ये आला. त्यामागे या मंडळींचा रेटा होता.

१८९७ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ सी. हार्ट मेरियम याने प्रशांत किनाऱ्यावरच्या एल्कला रूझवेल्टचे नाव दिले. २ मार्च १९०९ रोजी, अध्यक्षपद सोडायला दोन दिवस उरले असताना, रूझवेल्टने त्याच एल्कच्या रक्षणासाठी माउंट ऑलिम्पस हे राष्ट्रीय स्मारक घोषित केले.

आज बिगहॉर्नमध्ये पहिल्या एल्कशिकारीचा बेत आखणाऱ्या परराज्यातील माणसाला वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज भरावा लागतो. परवाना सोडतीत निघतो किंवा निघत नाही. संरक्षित निबिड अरण्यात जायचे तर वाटाड्याही बंधनकारक. घोडे, रायफल आणि मोकासिन यांचा विचार त्यानंतरचा.