स्टीम म्हणजे नेमकं काय? अम्मी-अब्बूंसाठी थोडक्यात

बेसा-मानेवाड्याकडची मुलं घरी 'स्टीमवर गेम घेऊन द्या' म्हणू लागली की पालक गोंधळतात. स्टीम हा गेम नाही, कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान आहे. अमेरिकेच्या व्हॉल्व्ह कंपनीनं ते 2003 मध्ये सुरू केलं. खातं फुकटात उघडतं, पण वय किमान 13 हवं. घेतलेला गेम त्या खात्यात राहतो. कॉम्प्युटर बदलला तरी पुन्हा डाउनलोड होतो. मात्र आपल्याला मिळते ती फक्त खेळायची परवानगी. गेम पुढे कुणाला विकता येत नाही.

पैसे भरण्याआधी गेमच्या पानावर खाली 'सिस्टीम रिक्वायरमेंट्स' वाचा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' स्टीमवर आहे, पण घरातल्या जुन्या लॅपटॉपवर तो चालेलच असं नाही. नाही चालला तर 14 दिवसांच्या आत पैसे परत मागता येतात. अट एकच, गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असावा.

खरी काळजी खात्याची. 'स्टीम गार्ड' चालू ठेवा, म्हणजे नव्या कॉम्प्युटरवर लॉगिन करताना कोड लागतो. 'फुकट स्किन घ्या' असा मेसेज आला तर त्या लिंकवर पासवर्ड टाकू नका.

काउंटर-स्ट्राइकमध्ये पैसे देऊन पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशिबावर. माझ्या मते हा जुगारच. 'स्टीम फॅमिलीज'मध्ये पालक खेळायची वेळ ठरवू शकतात, आणि मुलांनी मागितलेली खरेदी मंजूरही तेच करतात. ते आधी लावा, गेम नंतर घ्या.